पाळणाघर आणि घरमालकाची परवानगी

(राहत्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या स्त्रियांच्या पुण्यातील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो ऐकून एका जुन्या कार्यकर्त्याने मला विचारले, "हा काय व्यासपीठावरून बोलायचा विषय आहे? घरमालकाला विचारावे. हो म्हणाला तर पाळणाघर चालवावे, नाही म्हणाला तर दुसरे घर पाहावे." या गृहस्थांनी उमेदीची सगळी वर्षे गिरणी कामगारांत घालवली आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु मालक ऐकत नसेल तर दुसरी गिरणी पाहा, असे त्यांनी एखाद्या कामगाराला कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. घरमालक आणि बाई यांच्यातला प्रश्न आला की तो एकदम खाजगी होतो, दोन माणसांतल्या समजुतीचा होतो. हे असे का व्हावे, यावर मी आज थोडा विचार करू इच्छितो.

प्रथम एक हकिकत सांगतो. सर्व तपशील सांगणार नाही, कारण त्या बाई आज या सभेत बसलेल्या आहेत आणि नाव घेऊ नये असे त्यांनी मला बजावले आहे.

धनकवडीच्या बाजूला एका दुमजली घराच्या तळमजल्यावर त्या दोन खोल्यांत राहत होत्या. यजमान मालाचा टेम्पो चालवतात. भाडे ९,००० रुपये, करार ११ महिन्यांचा, दर वर्षी नवा होणारा. त्यांच्याकडे सकाळी ८ पासून संध्याकाळी ७ पर्यंत पाच मुले असत. दोन मुले धुणीभांडी व स्वयंपाकाची कामे करणाऱ्या बायकांची, एक परिचारिकेचे, एक कापडाच्या दुकानात उभे राहून काम करणाऱ्या मुलीचे आणि एक पतसंस्थेतील कारकून बाईचे. धुणीभांडी करणाऱ्या दोघींकडून त्या महिना १,२०० घेत, परिचारिका आणि दुकानातली मुलगी यांच्याकडून २,००० आणि कारकून बाईंकडून २,५००. ज्याला जसे झेपेल तसे. हिशेब केला तर महिन्याचे ८,९०० रुपये होतात. म्हणजे भाड्याला शंभर रुपये कमी. ज्या मालकांनी पुढे हरकत घेतली, त्यांचे भाडे वस्तुतः ही पाच मुलेच भरत होती.

मालक वरच्या मजल्यावर राहत. निवृत्त माणूस, स्वभावाने वाईट मुळीच नव्हे. त्यांच्या पत्नी दिवाळीत मुलांना लाडू देत. पहिल्या वर्षी बाईंनी विचारले, "काका, मी दोन-चार मुलं सांभाळली तर चालेल ना?" तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, त्यात काय विचारायचं? मुलांचा आवाज असला की घर भरल्यासारखं वाटतं." परवानगी मिळाली ती एवढीच. त्यावर दोन वर्षे सुखाने गेली.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या एका कुटुंबाने जिन्यातल्या चपलांविषयी आणि मोरीत दुपटी धुण्याला लागणाऱ्या पाण्याविषयी तक्रार केली. त्याच सुमारास मालकांचे चिरंजीव सुट्टीवर आले. त्यांनी वडिलांच्या कानात दोन गोष्टी घातल्या. एक म्हणजे वीज आणि घरपट्टी उद्या व्यापारी दराने लागेल, आणि दुसरी म्हणजे एखादे मूल पडले तर पोलीस तुमच्या दारात येतील. त्यानंतर काकांची भाषा बदलली. "घर तुम्हाला राहायला दिलंय, धंद्याला नाही." आम्ही तिघे त्यांना भेटायला गेलो. त्यांनी काही वाद घातला नाही. आतून करार आणला आणि एका छापील वाक्यावर बोट ठेवले: सदर जागेचा वापर फक्त राहण्यासाठी करण्यात येईल. बाईंची सही खाली होती. दोन वर्षांपूर्वीचे त्यांचे शब्द मी त्यांना आठवून दिले. ते म्हणाले, "म्हटलं असेन. पण कागदात कुठे आहे?" आम्ही चहा घेऊन परत आलो.

पुढे काय झाले ते मी मुद्दाम सांगतो, कारण नाही या एका शब्दाचा हिशेब कोणी मांडत नाही. मालकांनी काही महिन्यांत करार संपल्यावर तो पुन्हा केला नाही. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने आपली दहा वर्षांची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी बसवली. तिची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. परिचारिकेने नोकरी सोडली. दुकानातल्या मुलीने मूल भोरकडे आजीजवळ ठेवले आणि आठवड्यातून एकदा त्याला पाहायला जाऊ लागली. आपल्या या भगिनींना दुसरे घर मिळाले ते कात्रजच्या पलीकडे. तिथे आधीच्या पाचांपैकी एकही मूल येऊ शकत नव्हते. एका कुटुंबाचे बिऱ्हाड हलले आणि सहा बायकांच्या मिळकतीवर आणि एका मुलीच्या शिक्षणावर पाणी पडले. काका यातले काही जाणत नव्हते, आणि जाणून घेणे हे त्यांचे कामही नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात भाडेकरूचे एक कर्तव्य सांगितले आहे. जागा ज्या कारणासाठी भाड्याने दिली, त्याखेरीज अन्य कारणासाठी ती वापरायची नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमात घर खाली करून घेण्याची जी कारणे आहेत, त्यांत या कर्तव्याचा भंग हे एक कारण आहे. शेजाऱ्यांना उपद्रव होणे हे दुसरे. म्हणजे जुन्या, संरक्षित भाडेकरूच्या बाबतीतही 'वापर बदलला' आणि 'त्रास होतो' ही दोन हत्यारे मालकाच्या हाती असतात.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे की, राहत्या घरात शेजारची चार-पाच मुले सांभाळली तर घराचा वापर बदलतो काय?

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिमल्याच्या एका चर्मकार कारागिराचा खटला आला होता. त्याला दुकान भाड्याने दिलेले होते. गरीब माणूस, तो रात्रीचा मुक्कामही दुकानातच करी. मालकाचे म्हणणे असे की दुकानात राहिल्यामुळे जागेचा वापर बदलला, सबब ती खाली करून द्यावी. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मान्य केले नाही. कष्टकरी माणूस आपल्या दुकानात रात्री पाठ टेकतो एवढ्याने दुकानाचे घर होत नाही. मला हा निकाल उलटा वाचावासा वाटतो. दुकानात झोपल्याने दुकानाचे घर होत नसेल, तर घरात दुसऱ्याचे मूल झोपवल्याने घराचे दुकान कसे होते? अर्थात हा निकाल पाळणाघराविषयीचा नाही, त्याचा आधार किती ताणता येईल यावर वकील मंडळी वाद घालतील, आणि त्यांनी तो घालावा. विचाराची दिशा मात्र स्पष्ट आहे.

डॉक्टरांचा खाजगी दवाखाना ही दुकाने व आस्थापना कायद्याच्या अर्थाने व्यापारी आस्थापना नव्हे, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितले आहे. वकील आपल्या बैठकीच्या खोलीत अशिलांना भेटतात, हिशेबनीस जेवणाच्या टेबलावर विवरणपत्रे भरतात, शिकवणीचे मास्तर तर एका खोलीत वीस-वीस मुले बसवतात. त्यांच्या घरमालकांना घराचा वापर बदलल्याची शंका क्वचितच येते. पदवी टांगलेली असली की तो व्यवसाय असतो, आणि पाळणा टांगलेला असला की तो धंदा होतो! मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, कुटुंबातील माणसांनी भाडोत्री मजूर न लावता चालवलेले पारंपरिक घरगुती उद्योग निवासी भागात चालतील, असे म्हटले होते. शिवणकाम, भरतकाम, बटणे करणे ही त्यात दिलेली उदाहरणे. मूल सांभाळणे हा उद्योग बटणांहून निश्चितच जुना आहे.

विजेच्या दराची जी भीती चिरंजीवांनी घातली, तिचेही उत्तर देता आले असते. त्या वेळी आम्हाला ते ठाऊक नव्हते, ही आमची चूक. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत गेली अनेक वर्षे अशी तरतूद आहे की, राहत्या घराच्या एका भागात कोणी व्यवसाय करीत असेल आणि त्या घराचा विजेचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. दोन खोल्यांत दोन पंखे आणि एक मिक्सर चालवणारी बाई ३०० युनिट कुठून जाळणार? ज्यांना घरमालकाशी बोलायचे आहे त्यांनी आपली मागील वर्षाची बिले आणि चालू दर-आदेशाचे ते पान बरोबर न्यावे. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते.

इथे मला गिरणगावाची आठवण होते. लालबाग-परळच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालत. एकेका बाईकडे दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी जेवायला असत. घाटावरून आलेला एकटा कामगार या खानावळींवर जगला, गिरण्या त्याच्या बळावर चालल्या, आणि तरीही या बायकांची गणना कामगारांत कोणी केली नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे लोकांना दिसले की स्टोव्हपुढे बसलेली ही बाई एक उद्योग चालवीत आहे. पाळणाघर चालवणारी बाई आज त्याच ठिकाणी उभी आहे. तिच्या जिवावर दुसऱ्या पाच जणी कामाला जातात. पण तिचे काम कामात धरायचे तर ते धंद्याच्या नावाने, आणि तेही फक्त तिला घराबाहेर काढण्यापुरते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ती तीसपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना लागू झाली. मालकांनी ती कशी चुकवली ते तुम्हाला माहीत आहे: एकोणतीस बायका हजेरीपटावर आणि उरलेल्या ठेकेदाराच्या वहीत. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांतही पन्नासचाच आकडा आहे. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची. २००६ साली केंद्राची पाळणाघर योजना आली, २०१७ साली तिचे नाव बदलले, २०२२ साली पुन्हा बदलून ती 'पाळणा' झाली. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली, ते काम पुढे मुंबईपुण्यातही आले. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालात असंघटित स्त्रियांच्या मुलांच्या सांभाळाचा प्रश्न स्वच्छ मांडला होता.

हे सगळे ध्यानात घेऊनही धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी काय उरते ते पाहा. तिच्या मालकिणी चार, आणि चौघींच्या घरी मिळून नोकर एकच, ती स्वतः. पन्नासचा आकडा ती कोणत्या जन्मी गाठणार? कापडाच्या दुकानात सात मुली असतात. पतसंस्थेत नऊ माणसे. शहरातल्या बहुसंख्य कष्टकरी स्त्रियांच्या दृष्टीने पाळणाघर म्हणजे शेजारची बाई, आणि शेजारची बाई जर भाडेकरू असेल तर तिचे पाळणाघर म्हणजे तिच्या घरमालकाची मर्जी.

तथापि घरमालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. आपल्या चळवळीत मालक म्हटला की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. पुण्याच्या उपनगरांत दोन खोल्या भाड्याने देणारा माणूस पुष्कळदा निवृत्त शिपाई असतो, विधवा असते, किंवा कर्जाचे हप्ते भरणारा कारकून असतो. त्याच्या मनात एक जुनी भीती आहे आणि तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. ते चुकवण्यासाठी मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'चा मार्ग काढला. तेव्हा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक जागेत होते त्यांना भाडेकरू ठरवले. त्या काळी ते आवश्यकच होते असे माझे मत आहे. परंतु त्या दिवसापासून मालकाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की बोट दिले तर हात जातो. पाळणाघराला लेखी हो म्हटले तर ही बाई उद्या व्यापारी गाळ्याचा हक्क सांगेल, असे त्याला वाटते.

दुसरी भीती मुलांच्या सुरक्षिततेची. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. ते चित्र पाहिलेल्या मालकाने भ्यावे यात नवल नाही. मी तर म्हणतो, आपणही भ्यावे. आमच्या घरात कोणी डोकावू नये, असे म्हणायचा अधिकार मूल सांभाळणाऱ्या माणसाला नाही. परवानगी मागताना तपासणीलाही तयार असले पाहिजे. काही भगिनींना हे आवडणार नाही. मघाशी चहाच्या वेळी एकीने मला तसे ऐकवलेही. त्यांचा राग मी समजू शकतो. महापालिकेचा माणूस आला की त्याचा हात आधी पुढे येतो, हा आपला अनुभव आहे. तरीही पाच तान्ही मुले आणि बंद दार ही गोष्ट मला मान्य होत नाही.

या दोन्ही भीतींवर इलाज आहे की नाही, हे पाहायला आपण थोडे बाहेर पाहू. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या बाईला रीतसर नोंदणी करावी लागते. ऑफस्टेड नावाची यंत्रणा घराची आणि कामाची तपासणी करते. एका वेळी आठ वर्षांखालील सहा मुले, त्यांतही सुमारे पाच वर्षांपर्यंतची तीनच, आणि एक वर्षाखालचे सर्वसाधारणपणे एक, अशी मर्यादा आहे. तिथेही अडचण हीच. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला घरमालकाची संमती लागते आणि करारात धंद्याला मनाई असते. तिथल्या मालकाची भीतीही हीच होती. १९५४ च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूला विशेष संरक्षण मिळते, मग घरी काम करायला संमती दिली तर हा भाडेकरू व्यापारी ठरेल की काय? २०१५ साली त्यांच्या पार्लमेंटने एक साधी गोष्ट केली. घरी करता येण्याजोग्या व्यवसायाला मालकाने संमती दिली तरी त्यामुळे राहते घर व्यापारी भाडेपट्ट्याखाली जाणार नाही, असे कायद्यात लिहून टाकले. मालकाची निम्मी भीती एका कलमाने काढून घेतली.

पण उरलेली निम्मी तशीच राहिली. संमती द्यायची की नाही हे मालकाकडेच राहिले, आणि पुष्कळांनी ती दिली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडमध्ये अशा नोंदणीकृत बायकांची संख्या निम्म्याच्या आसपास घसरली. त्याची कारणे अनेक आहेत, मोबदला कमी आणि कागदपत्रे फार हे त्यांतले मोठे. पण घराचा अडसरही त्यांत आहे. २०२३ साली तिथल्या सरकारवर गृहसंस्थांना आणि विकसकांना पत्रे लिहून, कृपा करून या बायकांना अडवू नका, असे विनवण्याची वेळ आली. विनंतीपत्राने किती दारे उघडतात हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा आपली मागणी त्यांच्या पुढची असली पाहिजे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्यात असे कलम घालावे की, भाडेकरूने वा परवानाधारकाने स्वतः राहत असलेल्या घरात, ठरावीक संख्येपर्यंत, नोकर न ठेवता, दिवसा मुलांचा सांभाळ करणे हा निवासी वापरच समजला जाईल. त्याविरुद्धची करारातील अट निरर्थक असेल. आणि त्यातून कोणताही व्यापारी हक्क निर्माण होणार नाही. शेवटचे वाक्य मालकासाठी आहे आणि ते मनापासून घालावे. त्याच्याबरोबर प्रभाग पातळीवर नोंदणी असावी, शुल्क नाममात्र असावे, आणि तपासणीला अंगणवाडीच्या अनुभवी सेविकेला बरोबर न्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींतही हीच व्याख्या यावी. नाहीतर मालक हो म्हणेल आणि सोसायटीचे चिटणीस नोटीस काढतील.

हे कलम उद्या होणार नाही. अनेक अधिवेशने जातील. तोवर ज्यांचे करार चालू आहेत त्यांनी काय करावे, हा व्यवहाराचा भाग आता सांगतो, आणि माझ्या मते आजचा सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे.

तोंडी परवानगीवर एक दिवसही विसंबू नका. १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, लेखी परवाना-करारात जे नमूद आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा होय. काका दोन वर्षांपूर्वी काय म्हणाले याला त्यापुढे काडीची किंमत नाही. त्याच कलमाखाली मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, म्हणून संतापाच्या भरात 'जात नाही, काय करायचे ते करा' असेही कोणी करू नये. ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींविषयीचे तुमचे म्हणणे मालकाने खोटे पाडेपर्यंत खरे धरले जाते. शहरात नोंदणीची फी १,००० रुपये आहे. ती आपण भरू असे सांगून सुरुवात केली तर बोलणे पुष्कळ सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

बोलायला जाताना करार संपायच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, तीन महिने आधी जा. एकटीने जाऊ नका, पण मोर्चाही नेऊ नका. ज्यांची मुले तुमच्याकडे असतात त्यांतल्या एकीला बरोबर न्या. मालकाला चार मुलांचा कलकलाट ऐकू येत असतो; त्या मुलांच्या आया त्याने पाहिलेल्या नसतात. 'वापर फक्त राहण्यासाठी' या वाक्यापुढे एवढेच जोडायला सांगा: 'तसेच परवानाधारकाने स्वतः, जास्तीत जास्त इतक्या मुलांचा, सकाळी इतक्या ते संध्याकाळी इतक्या वेळेत सांभाळ करण्यासाठी'. मुलांची संख्या लिहा आणि ती पाळा. आज पाच लिहून उद्या नऊ घेणारी बाई पुढच्या दहा बायकांचे दार बंद करते. पाटी लावणार नाही, चपला आत ठेवू, दुपारी १ ते ४ अंगणात मुले सोडणार नाही, मोडतोड झाली तर भरून देऊ, आधी सांगून मालकाने केव्हाही येऊन पाहावे, हे सर्व लिहून द्यायला संकोच करू नका. यातली कोणतीही अट आपल्या स्वाभिमानाच्या आड येत नाही.

त्याबदल्यात एक गोष्ट मात्र मागा आणि तिच्यावर अडून बसा. घर सोडण्याची सूचना एक महिन्याची न ठेवता तीन महिन्यांची ठेवावी. ती आपल्यासाठी नाही, त्या पाच जणींसाठी. एका महिन्यात नवे घर कदाचित मिळेल, पण मूल ज्याच्या अंगावर निजेल असे माणूस मिळत नाही. आणि जमेल तिथे करार ११ महिन्यांचा न करता ३३ महिन्यांचा करा. अकरा महिन्यांनी दार पुन्हा ठोठवायचे असेल तर आज मिळालेली परवानगी ही अकरा महिन्यांचीच असते.

मालक भाडे वाढवून मागेल. धनकवडीच्या त्या प्रकरणात शेवटी तसे झालेच होते. ९,००० चे १३,००० द्या, मग पाहू, असा निरोप आला होता. मुलांच्या पाच आयांनी मिळून दोन हजारांची तयारी दाखवली होती, पण ती गोष्ट आमच्या कानावर आली तेव्हा सामान टेम्पोत चढले होते. आधी विचारले असते तर कदाचित अकरा हजारांवर तडजोड झाली असती. म्हणून पालकांनाही या बोलण्यात पहिल्यापासून घ्या, त्यांच्यापासून झाकून ठेवू नका.

करारातल्या या वाक्याचा आणि अटींचा एक नमुना दोघा वकील मित्रांनी तयार करून दिला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. तो घरी नेऊन मोठ्याने वाचा, न समजणारा शब्द असेल तर त्यावर खूण करा. ज्यांचा करार येत्या तीन महिन्यांत संपतो आहे त्यांनी सभा संपल्यावर जाऊ नये; आपला करार, विजेची बिले आणि मुलांच्या वेळा घेऊन मागच्या खोलीत यावे. आम्ही रात्री ९ पर्यंत बसणार आहोत.